विमा काढून देणारा कोणाच्या बाजूचा?

मी रोहण्याहून तुमची गट समन्वयक बोलते आहे.

बैठकीत विम्याचा विषय निघाला की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "हप्ता किती?" आज त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न शिकून घेऊ: "विमा काढून देणारा कोणाच्या बाजूचा?"

एजंट हा विमा कंपनीचा माणूस. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेतली विमा सखी ही एलआयसीची एजंट असते. ब्रोकर, म्हणजे विमा दलाल, वेगळा. त्याने अनेक कंपन्यांचे दर आणि अटी पाहून ग्राहकाला योग्य ती पॉलिसी सुचवायची, आणि दुर्घटना झाली तर दाव्याच्या कामात मदत करायची. तो कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा. पण त्याची दलाली मात्र विमा कंपनी देते. म्हणून आपण डोळे उघडे ठेवायचे.

ही फर्म कोणालाही काढता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे आयआरडीएआयकडे, नोंदणी लागते. २०१८ च्या नियमांनुसार थेट विमा ब्रोकरला किमान ७५ लाख रुपये भांडवल लागतं. शिवाय प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेला मुख्य अधिकारी लागतो.

फर्म वाढते कशी? शंभर घरी फिरून शंभर पॉलिसी काढण्यापेक्षा एखादी बँक, कारखाना किंवा सरकारी योजना मिळाली, तर एकाच करारात हजारो माणसं येतात. दरवर्षी नूतनीकरण झालं की दलाली पुन्हा मिळते. म्हणून गटांचा मोठा संघ दिसला की ब्रोकर आपल्याकडेही येतो. आपली संख्या हीच आपली ताकद आहे. ती फुकट देऊ नका.

आपल्याजवळचं उदाहरण शेतकरी अपघात विम्याचं. २००५-०६ पासून हप्ता राज्य सरकार भरायचं. दावा तालुका कृषी अधिकाऱ्याकडून जिल्ह्याला, तिथून ब्रोकरकडे आणि मग विमा कंपनीकडे जायचा. विदर्भात काही वर्षं हे काम कबाल इन्शुरन्स ब्रोकिंग सर्व्हिसेसकडे होतं. ब्रोकर कागद तपासायचा आणि त्रुटी कळवायचा. पुढे विमा कंपन्या दावे वेळेत मंजूर करत नाहीत, नको त्या त्रुटी काढून नाकारतात, असं म्हणत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये विमाच बंद केला. आता गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मदत थेट सरकार देतं. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. कंपनी गेली, ब्रोकर गेला, पण कागद राहिलेच. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

आणि खरी अडचण इथेच येते. वावरात साप चावून घरधनी गेला, की लोक म्हणतात, "आता चिरफाड कशाला?" ते दुःख कळतं. पण पोलिसात खबर नाही, पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, तर मागे राहिलेल्या बाईचा अर्ज तिथेच अडकू शकतो. अशा वेळी गटातल्या दोघींनी तिच्या घरी जा. सातबारा, वारस नोंद, मृत्यू दाखला गोळा करून द्या. चांगल्या ब्रोकरने जे करायचं, तेच आपण तिच्यासाठी करायचं.

उद्या ब्रोकर गटाकडे आला, तर चार गोष्टी विचारा.

एक, आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक काय?

दोन, किती कंपन्यांचे दर पाहिले? ते लेखी दाखवा.

तीन, हप्ता विमा कंपनीच्याच नावावर जातो ना? पावती आणि प्रत्येकीचं विमा प्रमाणपत्र कधी मिळेल?

चार, दाव्याच्या वेळी कोण येणार? त्याचं नाव आणि फोन लिहून द्या.

कर्जासोबत विम्याचे पैसे कापले गेले असतील, तरी प्रमाणपत्र मागाच.

दोन विम्यांना तर ब्रोकरची गरजच नाही. बँकेत खातं असलं की प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत निघतो. वारसाचं नाव बरोबर आहे का, तेवढं पासबुक घेऊन तपासून या.

तक्रार असेल तर आधी कंपनीला लेखी द्या. दाद लागली नाही तर १५५२५५ वर फोन करा. त्यापुढे विमा लोकपाल आहे, तिथे फी लागत नाही.

येत्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी विम्याची एक वही ठेवा. कोणाचा कोणता विमा, वारस कोण, कागद कुठे ठेवलेत, एवढंच लिहा. पुढच्या वेळी ती वही कशी भरली, ते मला सांगा.