बुडख्याचा जोडधंदा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



जोडधंदा म्हटला की आपल्याकडे शिवणयंत्र, कोंबड्या आणि किराणा यांच्यापुढे विचार सहसा जात नाही. आज मी आपणापुढे जरा वेगळा विषय मांडणार आहे. झाड पडते, लाकूड उचलले जाते आणि जमिनीत बुडखा उरतो. तो काढून देण्याचा हा धंदा. आपणांपैकी काहींना हसू येईल. परंतु अमेरिकेत व इंग्लंडात आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी हेच काम करणारी माणसे आहेत. तिथे त्याचे यंत्र दिवसाच्या भाड्यानेही मिळते, आणि पुष्कळजण बुडख्याची रुंदी मोजून इंचावर मजुरी आकारतात.

यंत्र समजायला अवघड नाही. इंजिनाने फिरणारे एक जाड पोलादी चाक, त्याच्या कडेला अतिशय कठीण धातूचे दाते. चाक बुडख्यावर डावीकडून उजवीकडे फिरवत थोडे थोडे खाली उतरवायचे, म्हणजे लाकडाचा भुसा होत जातो. जमिनीखाली वीतभर किंवा थोडे अधिक दळले की वर माती ओढून घेता येते. मुळे आतच राहतात व कालांतराने कुजतात.

आता हे आपल्या कोकणात कशाला, असे आपण विचाराल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. ज्या घरांत वाडीच्या उत्पन्नावर मुलांच्या फिया भरल्या जात, त्यांना नवे माड लावून फळासाठी पाच-सात वर्षे थांबणे भाग पडले. आणि या नव्या रोपांचा एक वैरी जुन्या बुडख्यांतच जन्म घेतो. गेंड्या भुंगा कुजक्या खोडात आणि शेणखताच्या उकिरड्यात अंडी घालतो. त्याच्या अळ्या तिथेच पोसतात, आणि मोठा झालेला भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो. पुढे झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. म्हणून कुजका बुडखा वाडीत ठेवणे धोक्याचे. (भुशाचेही तेच. ढीग ओलसर ठेवून कुजू दिला तर भुंग्याला नवे घर मिळेल. तो पातळ पसरून वाळवावा.)

जेसीबी आणून बुडखा उपटता येतो, हे खरे. मोकळ्या शेतात तोच स्वस्त पडेल. पण वाडीची वाट अरुंद, पाट आडवे, दोन माडांमधून ते अवजड धूड न्यायचे म्हणजे उभ्या झाडांची मुळे दुखावायची. अशा जागी माणसाने ढकलत नेण्याच्या लहान यंत्राला काम आहे. मात्र आपला जांभा दगड या यंत्राचा शत्रू आहे. दाते दगडावर आपटले की बोथट होतात किंवा तुटतात. समुद्रालगतच्या रेताड वाडीत काम चालेल. कातळावरच्या आंब्याचा बुडखा मात्र जरा विचार करूनच घ्यावा. माडाचे लाकूड तंतुमय असल्याने धागे चाकात गुंततात, ते काढताना इंजिन बंद करून प्लगची वायर आधी सोडावी.

आता हिशेब. विद्यार्थ्यांनी कागद घ्यावा. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपल्या गावचे भाव आपण घालावेत. समजा यंत्राला दीड लाख रुपये पडले. पावसाळ्याचे चार महिने सोडा. उरलेल्या दिवसांतून आठवड्याला दोन, त्यातून सण, लग्ने, परीक्षा वजा करा, वर्षाला ६० दिवस हाती येतात. यंत्र पाच वर्षे टिकले तर ३०० दिवस, म्हणजे रोजची घसाऱ्याची रक्कम ५०० रुपये. पेट्रोल, दाते, टेम्पो आणि मदतनीस मिळून ११०० धरा. १६०० झाले, आणि आपली मजुरी अजून एक पैसा नाही! तिचे ८०० मिळवा, २४००. दिवसाला चार बुडखे झाले तर प्रत्येकी ६०० घ्यावे लागतील. दोनच झाले तर १२००, आणि मग वाडीवाला म्हणेल, त्यापेक्षा मी दोन गडी लावून खणून घेतो. त्याचे बरोबरच आहे. तेव्हा एका आळीतली कामे एकाच दिवशी गोळा करणे, हेच या धंद्याचे मर्म. आमची मुले बारावीनंतर आखाताच्या व्हिसाची वाट पाहत वर्ष-दोन वर्षे नाक्यावर काढतात. त्यांना घरोघर फिरून कामाची यादी करायला कोणत्या भांडवलाची गरज आहे?

माझे स्पष्ट मत विचाराल तर नुसत्या बुडख्यांवर कोकणात पोट भरणार नाही. गवत कापण्याचे यंत्र आणि लाकूड कापण्याची यांत्रिक करवत सोबत हवी. तीही दोन-तीन घरांनी भागीदारीत घ्यावी. भागीदारीची वही मात्र पहिल्या दिवसापासून लिहावी, सख्ख्या चुलतभावांतसुद्धा. २०११ साली नारळ विकास मंडळाने केरळात तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले, तसे कसब जोडीला असेल तर फार उत्तम. (मला स्वतःला सेवानियम आड येतात, म्हणून आपणांस सांगून समाधान मानतो.)

पालकांनी दोन गोष्टींवर नजर ठेवावी. डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट, अंगावर लोंबते कपडे नाहीत, आणि बघ्या पोरांना लांब उभे करावे. दगडाचा तुकडा गोळीसारखा उडतो. कामाआधी पाण्याचा पाईप आणि विजेची केबल कुठून गेली ते घरमालकाकडून दाखवून घ्यावे. दुसरी गोष्ट कायद्याची. आंबा, फणस, साग अशी झाडे तोडायला १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते, शहरांत १९७५ चा कायदा आहे. झाड उभे असेल तर मालकाने परवानगीचा कागद दाखविल्याशिवाय करवत सुरू करू नये.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. भुंग्याविषयी तिथे जाऊन विचारावे. आणि यंत्र पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला म्हणावे, माडाचा एक आणि आंब्याचा एक, असे दोन बुडखे आमच्यासमोर दळून दाखवा. तो तयार नसेल तर पैसे खिशात ठेवून परतीची एस.टी. धरावी.