लोम्बार्डी सर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेले माझे सर्व गुरुजन, आणि केस पिकले तरी अजून मागच्याच बाकावर जाऊन बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी बजावलंय, ‘अमेरिकेतून आलायस तर तिकडचं काहीतरी सांग, पण डॉलर आणि बर्फ नको.’ डॉलर टाळतो. बर्फ थोडा येणार, इलाज नाही. मी राहतो विस्कॉन्सिन राज्यात, आणि तिथे चार माणसं जमली की एक नाव निघतंच. विन्स लोम्बार्डी. अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. मी त्यांना लोम्बार्डी सरच म्हणतो, कारण हा माणूस आठ वर्षं शाळेत फिजिक्स, केमिस्ट्री आणि लॅटिन शिकवत होता. फिजिक्सच्या मास्तरांना एकेरीत बोलवायला माझी जीभ रेटत नाही. का, ते देशमाने बाकावरच्यांना ठाऊक आहे!

१९१३ साली ब्रुकलिनमध्ये, इटालियन घरात जन्म. १९३९ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावच्या सेंट सिसिलिया शाळेत नोकरी. सकाळी वर्ग, दुपारी मैदान. फुटबॉल शिकवायचेच, शिवाय बास्केटबॉलही गळ्यात पडला. त्यातलं फारसं कळत नसताना १९४५ साली राज्याचं विजेतेपद आणून दाखवलं. पुढे फोर्डम, मग वेस्ट पॉइंट, मग न्यूयॉर्क जायंट्स. पण सगळीकडे दुय्यम. मुख्य प्रशिक्षकपद दरवेळी दुसऱ्या कुणाला. ते मिळालं तेव्हा सर पंचेचाळीस वर्षांचे होते. आपल्यातले किती जण त्या वयात ‘आता काय राहिलंय’ म्हणत होतो, हात वर करू नका.

आणि मिळालं ते कुठे? ग्रीन बे पॅकर्समध्ये. साठेक हजार वस्तीचं थंड गाव, संघ कुणा धनिकाचा नाही, गावकऱ्यांच्या भागभांडवलाचा. १९५८ च्या मोसमात बारा सामन्यांत एक विजय, दहा पराभव, एक बरोबरी. सरांनी पहिल्याच वर्षी सात जिंकले. नंतर सात वर्षांत पाच अजिंक्यपदं, त्यांत पहिले दोन सुपर बोल.

हे कसं केलं? मास्तरकीनं. १९६१ च्या सराव शिबिरात, आदल्या मोसमात अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या कसलेल्या खेळाडूंसमोर सरांनी चेंडू हातात धरला आणि याला फुटबॉल म्हणतात, इथपासून सुरुवात केली. ‘पॅकर स्वीप’ ही त्यांची एकच चाल. ती दिवसचे दिवस घोटायची. पुढे स्वतः मोठा प्रशिक्षक झालेला जॉन मॅडन सांगायचा की, या एका चालीवर सरांचं आठ तासांचं व्याख्यान त्यानं ऐकलं होतं. उजळणी म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आवाज मात्र भयंकर. हेन्री जॉर्डन नावाचा खेळाडू गमतीनं म्हणायचा, सर आम्हा सगळ्यांना सारखंच वागवतात, कुत्र्यासारखं. जेरी क्रेमरला एकदा सरावात इतकं झापलं की तो खेळ सोडायच्या विचारात कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिला. सर आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, तू एक दिवस सर्वोत्तम गार्ड होणार आहेस. पण त्या ‘सारखंच’मध्ये एक मोठी गोष्टही होती. तो वर्णभेदाचा काळ. ज्या गुत्त्यात माझ्या काळ्या खेळाडूंना वाढणार नाहीत, तिथे माझा एकही खेळाडू पाऊल ठेवणार नाही, असं सरांनी गावात स्पष्ट सांगून टाकलं होतं.

आता तो बर्फ. ३१ डिसेंबर १९६७, डॅलसविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना, तापमान उणे २५ सेल्सिअस. मैदानाखाली सरांनी हौसेनं बसवून घेतलेली विजेची उष्णतायंत्रणा नेमकी बंद पडली. (फिजिक्सचे मास्तर!) पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटत होत्या. पॅकर्स १४–१७ मागे, सोळा सेकंद बाकी, गोलरेषा हाताच्या अंतरावर. किक मारून बरोबरी साधायची सोय होती. बार्ट स्टारनं विचारलं, मी स्वतःच चेंडू घेऊन घुसू का? सर हो म्हणाले. क्रेमरनं वाट फोडली, स्टार पार झाला. २१–१७.

तीनच वर्षांनी, ३ सप्टेंबर १९७० ला, आतड्याच्या कर्करोगानं सर गेले. वय सत्तावन्न. सुपर बोलच्या करंडकाला आता त्यांचंच नाव आहे.

पण त्यांचं चरित्र वाचताना मला अडखळायला झालं ते निराळ्याच जागी. पत्नी मरी एकाकी, आणि मुलगा नि मुलगी यांच्या वाट्याला वडील फार थोडे आले. चाळीस खेळाडूंचा बाप झालेला माणूस घरी थकूनच यायचा. तिथे मी पुस्तक मिटलं, आणि आपल्या गणिताच्या बाई डोळ्यांसमोर आल्या.

बाई, दहावीच्या वर्षी तुम्ही सकाळी सहाला आमचे जादा तास घेत होता. एक पैसा न घेता. मी दोनदा रडलो तुमच्या ओरडण्यानं, आणि बोर्डात गणितात निघालो तोही त्यानंच. पण तुमची दोन्ही मुलं तेव्हा लहान होती ना? सकाळी सहाला त्यांच्याजवळ कोण असायचं? आम्ही चाळीस जण होतो, एकानंही कधी विचारलं नाही. आज विचारतोय. आत्ता इथे नका सांगू. जेवायला मी तुमच्याच पंगतीला बसणार आहे.