नात्यातली सोयरीक आणि दोन वह्या



मागे एका बैठकीत हप्ते गोळा झाले आणि गटातल्या एका ताईंनी पेढे काढले. थोरलीचं लग्न ठरलं होतं, सख्ख्या मामाशी. "पोर घरातच राहील, हुंड्याचं नाव नाही," ताई म्हणाल्या. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी अशा कितीतरी घरांत मामा-भाची, आते-मामे भावंडं अशी लग्नं होतात. त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. पण त्यांची नववीतली धाकटी बोलली, "आमच्या बाई म्हणाल्या, नात्यातल्या लग्नात आजार उतरायची शक्यता वाढते." ताई तिच्यावर रागावल्या. आम्हांलाही उत्तर देता येईना. मग आम्ही नववीचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं, 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा वाचला आणि डॉक्टरांनाही विचारलं. जे समजलं ते सांगतो.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे प्रत्येक गुणाच्या दोन वह्या. एका वहीवर शाई सांडली तरी दुसरीवरून हिशोब लागतो. म्हणून डाग असलेला माणूस धडधाकट दिसतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही वह्यांत त्याच पानावर डाग आला, तर मात्र आजार होतो. मेंडेल यांनी 1865 साली वाटाण्यावरून हेच सांगितलं. उंच आणि बुटक्या रोपांच्या संकरातून सगळी उंच रोपं आली, पण त्यांच्या पुढच्या पिढीत चारात एक बुटकं निघालं. गुण गेला नव्हता, लपला होता.

थॅलेसेमिया असाच. आजार झालेल्या बाळाला साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आई-वडील दोघं वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. पहिलं बाळ आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं.

आता नातं बघा. आजी वाहक असेल, तर तिचा डाग मामाकडे यायची शक्यता निम्मी आणि आईमार्फत भाचीकडे यायची चौथाई. दोघांच्या वह्या एकाच घरातल्या, म्हणून तोच डाग दोघांकडे असायची शक्यता परक्यापेक्षा जास्त. नात्यातल्या प्रत्येक जोडप्याचं बाळ आजारी होतं असं नाही, आणि परक्या घरातही दोन वाहक एकत्र येऊ शकतात.

म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा. 'एचबीएटू' ही तपासणी कुठं होते, ते सिव्हिलमध्ये किंवा आरोग्य केंद्रात विचारा. तपासणी चांगली आली म्हणजे थॅलेसेमियाची चिंता बरीचशी मिटली. असे लपलेले इतर आजार पुष्कळ आहेत, ते यात कळत नाहीत. घरात कुणाचं मूल लहानपणीच गेलं असेल किंवा जन्मापासून आजारी असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि बाळ आजारी निघालं तर सुनेला बोल लावू नका. डाग दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही.

त्या ताईंनी साखरपुडा पुढं ढकलला. मामा आणि भाची, दोघांचं रक्त तपासायला दिलं. अहवाल यायचा होता, तेवढ्यात आम्ही थोरलीला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" ती म्हणाली, "मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं."

मैत्रिणींनो, रक्त तपासायच्या आधी हा प्रश्न विचारा.