टेबलाच्या अलीकडे आलेला आयुक्त



बल्लारपूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीहून एवढ्या उन्हात तुम्ही आलात, शुक्रिया. मी काही वक्ता नाही. मूळचा इथलाच, चंद्रपूरचा. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. संयोजकांनी मला करिअरवर बोला असं सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी एका निवृत्त माणसाबद्दल बोलणार आहे.

माणसाचं नाव जे. बी. डिसूझा. आयएएस अधिकारी, एके काळचे मुंबईचे महापालिका आयुक्त. महापौर सभा चालवतात, पण शहर प्रत्यक्ष चालवतो तो आयुक्त, आणि त्याला राज्य सरकार नेमतं. पाणी, गटारं, रस्ते, बांधकामाची परवानगी, सगळं त्याच्या सहीवर. आपल्या चंद्रपूरला महापालिका २०११ मध्ये झाली, तेव्हापासून हे आपणही बघतोय. पुढे सिडकोच्या सुरुवातीच्या वर्षांत डिसूझा तिचे व्यवस्थापकीय संचालक होते. खाडीपलीकडे ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी करण्याचं काम सिडकोकडे होतं. एवढ्या मोठ्या नोकरीनंतर माणूस काय करतो? फिरतो, आठवणी लिहितो. त्यांनीही लिहिल्या. पुस्तकाचं नाव ‘नो ट्रम्पेट्स ऑर ब्युगल्स’. उपशीर्षकात स्वतःला ‘पश्चात्ताप नसलेला बाबू’ म्हणवून घेतलंय. मला ते फार आवडलं.

पण मी त्यांच्याबद्दल बोलतोय ते दुसऱ्या एका कामासाठी.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबईच्या दंगली. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले मृत्यू ९००, त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. त्या दिवसांत ‘सामना’त जे अग्रलेख छापून येत होते, ते अनेकांना द्वेष पसरवणारे वाटत होते. भारतीय दंड संहितेतलं १५३ अ हे कलम अशाच लिखाणासाठी होतं. फक्त एक अडचण. या कलमाखाली खटला चालवायचा, तर सरकारची पूर्वपरवानगी लागायची. सरकारने ती दिली नाही, की फाईल तिथेच झोपली.

१९९३ मध्ये डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर उच्च न्यायालयात गेले. मागणी एवढीच की, सरकारने संपादकांवर खटला चालवायला परवानगी द्यावी. दोघांपैकी एकही मुसलमान नव्हता. आणि लक्षात घ्या, समोर कोण होतं? महाराष्ट्र सरकार. म्हणजे ज्या सरकारच्या नावाने डिसूझांनी आयुष्यभर सह्या केल्या, त्याच सरकारविरुद्ध आता ते अर्जदार. टेबलाची बाजू बदलली होती.

सप्टेंबर १९९४ मध्ये याचिका फेटाळली गेली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात वर केले. हरले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मग उपयोग काय? आमच्या धंद्यात जो कोड चालत नाही तो काढून टाकतात. पण कोर्टाच्या कागदाचं तसं नसतं. आज कुणीही विद्यार्थी तो १९९४ चा निकाल काढून वाचू शकतो. याचिकाकर्त्यांनी काय मागितलं, सरकारने काय उत्तर दिलं, न्यायाधीशांनी ते लेख कसे वाचले, सगळं तिथे आहे. याचिकाच झाली नसती, तर ‘कुणी तक्रारच केली नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे होते.

आता माझी गोष्ट. थोडी लाजेची आहे.

जुलै २०२२ चा पूर तुम्हाला आठवतो. इरईचं पाणी रहमतनगरात शिरलं. माझ्या खालाच्या घरात कमरेपर्यंत. तिला नावेतून बाहेर काढलं. ती नावेत बसून रडत होती की शिलाई मशीन राहिली, आणि नाव वल्हवणारे दादा म्हणत होते, “अहो मावशी, आधी तुम्ही तर निघा.” नंतर पंचनाम्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. गल्लीतल्या बऱ्याच घरांचं नव्हतं. आम्ही मोहल्ल्यातल्या पोरांनी अर्ज तयार केला. ज्या कार्यालयात द्यायचा होता तिथे दोनदा ‘नंतर या’ झालं. मग सह्या घेऊन जायचं ठरलं. आणि सह्या मिळेनात. कुणी म्हणे, आधीच आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात, कशाला पुढे यायचं. कुणी म्हणे, घराचा कागद पक्का नाही, उलट तेच बाहेर निघेल. ही भीती खोटी नाही. मी कुणाला हसत नाही.

कारण मीही सही केली नाही. तेव्हा परदेशी प्रोजेक्टसाठी माझा व्हिसा चालू होता. मी अर्ज टाईप करून दिला, प्रिंट काढून दिल्या, आणि म्हणालो, “माझं नाव राहू द्या.” खालाने अंगठ्याची शाई लावून माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही.

डिसूझांकडे गमावण्यासारखं कमी होतं, असं तुम्ही म्हणाल. पेन्शन चालू, ओळखी मोठ्या. बरोबर. त्यांना ती सुरक्षितता होती आणि त्यांनी ती दुसऱ्यांसाठी खर्च केली. माझ्याकडेही थोडी आहे. पुण्यात फ्लॅट आहे, पगार महिन्याच्या एक तारखेला येतो. खालाकडे यातलं काही नाही, तरी तिचा अंगठा त्या कागदावर आहे.

या पावसाळ्याआधी नाल्याचा आणि पूररेषेचा अर्ज पुन्हा द्यायचाय. मी तीन प्रती आणल्यात. पहिल्या ओळीत माझं नाव आणि सही आहे, सकाळीच केली. मागच्या टेबलावर ठेवल्यात, पेनही आहे. ज्यांना करायची नाही त्यांना कुणी विचारणार नाही. सोमवारी साडेदहाला जाऊ. आवक विभागात देताना पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसह. ‘ठेवून जा’ म्हणाले तर थांबायचं.