सांठविलेलें पाणी आणि डेंग्यूचा ज्वर
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं तापाची गोष्ट काढावी, हें कोणास कदाचित् विपरीत वाटेल. परंतु येथून आपण ज्या घरीं परत जाणार, त्या घरांतल्या रांजणाविषयींच आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

आपला बीड जिल्हा नित्य अवर्षणाच्या छायेंत राहणारा. सन २०१६ च्या उन्हाळ्याचा विसर कोणास पडला असेल? शेजारच्या लातुरास त्या वर्षीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें; आपल्या वाड्यावस्त्यांचे दिवस टँकरची वाट पाहण्यांत गेले. कष्टानें मिळालेलें पाणी मनुष्य सांठवितो. त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डांस नेमका अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यांत वाढतो. ‘पाऊस नाहीं, मग डांस कोठून?’ ही समजूत म्हणूनच फसवी आहे. उलट, २०२५ च्या सप्टेंबरांत झाली तशी अतिवृष्टि झाली, तर टाकून दिलेले टायर व फुटकीं भांडीं हींच त्याचीं घरें होतात.

१८८१ सालीं क्यूबांतील डॉक्टर कार्लोस फिनले यांनीं पीतज्वर याच डांसापासून पसरतो असें प्रतिपादिलें. सुमारें २० वर्षें त्यांचें कोणी ऐकिलें नाहीं. पुढें १९०१ सालीं हवाना शहरांत घरोघरचें पाणी झांकलें गेलें, डांसांचा बंदोबस्त झाला, आणि तेथील पीतज्वर हटला. झांकणाचें सामर्थ्य एवढें आहे.

‘आठवड्यांतून एकदां भांडीं रिकामीं करा,’ असें आपणांस सांगण्यांत येतें. जिच्या दारीं टँकर आठ दिवसांनीं येतो, त्या माउलीस हा उपदेश निष्ठुर वाटल्यास नवल नाहीं. पण पाणी फेंकावयाचें नाहीं. तें दाट फडक्यानें दुसऱ्या भांड्यांत गाळून घ्यावें, रिकाम्या रांजणाची आंतली बाजू काथ्यानें खसखसून घांसावी, तो उन्हांत वाळवावा व पाणी पुन्हां भरून तोंड कापडानें घट्ट बांधावें. घांसणें अवश्य आहे. कारण अंडीं भिंतीस चिकटतात व कोरडीं राहूनहि कित्येक महिने जगतात. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनीं निघण्यापूर्वीं भांडीं घांसून पालथीं घालावीं. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावे.

एकाएकीं भरलेला ताप, डोळ्यांच्या मागें ठणका, सांधेदुखी, अशीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांस दाखवावें. ॲस्पिरिन देऊं नये. पातळ पदार्थ भरपूर द्यावे. रोग्यास दिवसांहि मच्छरदाणींत ठेवावें, कारण हा डांस दिवसां चावतो. ताप उतरला म्हणजे संकट टळलें असें समजूं नये. त्याच वेळीं पोटांत तीव्र वेदना, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय ग्लानि दिसल्यास क्षणाचाहि विलंब न लावितां रुग्णालय गांठावें.

शेवटीं एक विनंती. आठवड्याचा एक वार साऱ्या वस्तीनें मिळून ठरवावा. एकानें रांजण घांसला व शेजाऱ्यानें न घांसला, तर डांसास कुंपण आडवें येत नाहीं. म्हातारें मनुष्य एकटें असेल, तर त्याचा रांजण तरुणांनीं घांसावा. ज्युबिलीची एवढी आठवण प्रत्येक घरांत राहिली, तरी आम्हांस समाधान आहे.