खोलीचा भाव ठरवताना आपली मजुरी विसरू नका

आम्ही नवीन पनवेलहून बोलतोय.

कर्नाळा अभयारण्य आपल्या शेजारी, माथेरान जवळ, आणि डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानंही सुटू लागली. घरातली एखादी खोली पाहुण्यांना द्यावी, असं बऱ्याच गटांत बोललं जातंय. आज आपण बोलू ते मोबाईलवरच्या बुकिंगमध्ये खोलीचा भाव कसा भरायचा यावर.

आधी आमची फजिती ऐका. आम्ही पहिल्यांदा भाव भरला ९०० रुपये. का? तर नाक्यावरच्या लॉजचा तेवढा होता म्हणून. 'खोलीत जास्तीत जास्त माणसं किती' या रकान्यात लिहिलं पाच, कारण गाद्या पाच होत्या. जास्तीच्या माणसाचे पैसे किती, तो रकाना राहिला कोरा. शनिवारी पाच जण आले. पाच जणांचा नाश्ता, पाच टॉवेल, आणि पैसे तेच ९००. पाहुण्यांची काही चूक नव्हती. आपण भरू तेच मोबाईल दाखवतो.

मग आम्ही वही घेऊन बसलो. दोन माणसं, एक रात्र. चहा-नाश्ता १६० रुपये, धुणं आणि साबण ८०, वीज-पाणी १२०, गाद्या-रंगाची झीज १००. कर्जाचा हप्ता महिन्याला ३,०००. खोली महिन्यात दहा रात्री जाते, म्हणून रात्रीला ३००. झाले ७६०. एवढ्यावर वही मिटत होतो, तेव्हा एकीने विचारलं, "आणि आपली मजुरी?" दुसरी म्हणाली, "घरचंच तर काम, त्याचे कसले पैसे?" सगळ्या गप्प. पण झाडलोट, स्वयंपाक, चादरी बदलणं हे कुणीतरी करतंच ना? ३०० रुपये मजुरी धरली. एकूण १,०६०.

आता कमिशन. कर धरून ते शेकडा १५ रुपये समजू. ९००तून १३५ गेले, हातात ७६५. म्हणजे आमची मजुरी जवळजवळ सगळीच पाहुण्यांना आंदण!

इथे एक गोम आहे. १,०६०वर १५ टक्के चढवून १,२१९ भाव लावला तरी भागत नाही. कमिशन विक्रीच्या भावावर कापतात, हातात १,०३६च येतात. म्हणून खर्चाला ८५ने भागा आणि १००ने गुणा. येतात १,२४७. त्याच्या खाली उतरायचं नाही. आम्ही १,५०० लावले. हातात १,२७५, खर्च जाऊन शिल्लक २१५.

भरताना हा क्रम ठेवा. आधी भाव किती माणसांचा ते लिहा. आम्ही दोन लिहिलं. मग जास्तीत जास्त माणसं. आम्ही तीन केली. तिसऱ्याचे पैसे वेगळे, मुलांचं वय आणि आकार वेगळा. नाश्ता भावात आहे की नाही, ते स्पष्ट करा. मग कॅलेंडर उघडा: शनिवार-रविवार, दिवाळी, मे महिना, ३१ डिसेंबर, यांचे भाव आधीच भरा. घरात लग्न असेल, गौरी-गणपती असतील, त्या तारखा बंद करा. फोनवर कुणी खोली ठरवली तर ती तारीखही लगेच बंद करा, नाहीतर एका खोलीला दोन पाहुणे. बुकिंग रद्द झालं तर किती पैसे परत, तेही ठरवून ठेवा.

शेवटी दुसऱ्या मोबाईलवरून पाहुणा होऊन आपलीच खोली शोधा. आधी दोन माणसं टाका, मग तीन. आकडा बरोबर दिसला तरच पुढे जा.

भाव वाढवल्यावर पाहुणे येतील का, ही धास्ती आम्हालाही होती. मधल्या वारी थोडे कमी झाले, खरं आहे. पण आता गटाच्या वहीत मजुरीचा वेगळा रकाना आहे, आणि महिनाअखेरी ते पैसे जिचे तिच्या हातात जातात.

या आठवड्याच्या बैठकीत तुम्हीही वही उघडा. पहिली ओळ मजुरीची लिहा.