एका पिकाचीं राष्ट्रें

घरांत मिळवता एकच असला, तर त्याच्या दुखण्यानें सारें घर अंथरूण धरतें. राष्ट्रांच्या प्रपंचाचेंही तसेंच आहे. ज्या देशाची निर्यात एकाच जिनसेवर उभी, त्याचें दैव त्या जिनसेच्या भावाबरोबर चढतें आणि उतरतें. याचे दोन दाखले भारताच्या शेजारींच आहेत.

सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, एके काळीं कॉफीसाठीं प्रसिद्ध होती. १८६९ सालीं तेथील कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसूं लागला आणि कांहीं वर्षांत मळेच्या मळे उजाड झाले. सुदैवानें १८६७ मध्यें जेम्स टेलर यानें १९ एकरांत चहाची लागवड करून पाहिली होती. त्या चहानेंच पुढें बेटाला तारलें. परंतु कॉफी जाऊन चहा आला, एवढ्यानें परावलंबन सुटलें नाहीं. केवळ धनी बदलला. १९७७ नंतर व्यापार खुला झाला, तयार कपड्यांचे कारखाने निघाले आणि कपड्यांची निर्यात चहाच्या पुढें गेली. तरीही महामारीनें आटलेलें पर्यटन, वाढतें कर्ज व २०२१ मधील रासायनिक खतांवरील बंदी यांचे आघात त्या तुटपुंज्या मिळकतीला सोसले नाहींत. २०२२ च्या एप्रिलांत परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली.

बांगलादेशाचें मूळ धन ताग. पोतीं प्लास्टिकचीं होऊं लागलीं, तशी तागाची मागणी ओसरली. १९७९ मध्यें देश गार्मेंट्स या कंपनीनें १३० माणसें शिवणकाम शिकण्यासाठीं दक्षिण कोरियांत धाडलीं. परतल्यावर पुढें त्यांपैकीं अनेकांनीं ती विद्या इतर कारखान्यांत नेली, आणि लाखो स्त्रियांच्या हातीं रोजगार आला. हें यश मोठें खरें. पण आज त्या देशाच्या निर्यातीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग कपड्यांचाच आहे. तागाची जागा सदऱ्यानें घेतली, इतकेंच.

दोघे शेजारी एकच माल युरोप-अमेरिकेच्या पेठेंत विकतात. मग त्यांनीं एकमेकांस विकावें तें काय? दक्षिण आशियाचा मुक्त व्यापाराचा करार २००६ पासून अमलांत आहे. तरी या देशांचा आपसांतील व्यापार एकूण व्यापाराच्या शेंकडा पांचांच्या आसपासच राहिला. जकात अडसर आहे, रस्तेही अपुरे आहेत. परंतु देवाणघेवाणीस माल निरनिराळा लागतो, हें मूळ कारण विसरून चालणार नाहीं.

निर्यातींत विविधता आणणें म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ नव्हे. शिवणाऱ्यानें आधीं सूत व कापड, मग यंत्रांचे सुटे भाग, अशी जवळची पायरी चढावी. आणि तें बरकतीच्या काळांतच करावें. मिळवता धडधाकट असतांनाच घरांतील दुसऱ्यानें विद्या शिकावी. तो अंथरुणास खिळल्यावर शिकवणीचे पैसे कोठून येणार?